मेनोनाइटांवर, म्हणजे युक्रेनमध्ये वसलेल्या, शस्त्र न उचलण्याची शिकवण मानणाऱ्या जर्मनभाषक ख्रिस्ती पंथावर लिहायला बसतोयस, तर...

कादंबरीची सुरुवात युक्रेनी अराजकवादी बंडखोर माख्नोच्या घोडेस्वारांपासून करू नकोस. खरा पेच त्याआधीच पडलेला होता. पहिल्या महायुद्धात मोलोच्ना-खोर्तित्सा या वसाहतींतली मेनोनाइट पोरं बंदुकीला हात न लावता रुग्णगाड्यांमध्ये जखमींची सेवा करत होती. १९१८मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी गावाच्या रक्षणासाठी शस्त्रं उचलली. एका टेबलाशी जेवणारे दोन भाऊ, एकाच्या हाती बंदूक, दुसऱ्याच्या नाही. इथे रेंगाळ. दोघांपैकी कुणालाच खलनायक करू नकोस. आणि त्यांच्या शेतात राबणाऱ्या युक्रेनी मजुराचा राग कुठून आला, तेही मनापासून लिही. ते टाळलंस तर गोष्ट खोटी पडेल.

घरात प्लाउटडिच ही त्यांची बोली, प्रार्थनेत प्रमाण जर्मन, हा फरक संवादांत जप. टायफस, दुष्काळ थोडक्यात आटप. देश सोडून निघालेल्या मेनोनाइटांचं १९२४चं लिख्तेनाउ स्टेशन मात्र डोळ्यांसमोर उभं कर: कॅनडाच्या वाटेसाठी भाजून कडक केलेले त्स्वीबाक पाव, आणि मालगाडीच्या डब्यातून उठलेले स्तोत्राचे सूर.