आजोबांच्या संदुकीतला ‘कापराचा अर्क’

माळ्यावरच्या संदुकीत ‘टिंक्चर कॅम्फर कंपाउंड’ असे लेबल असलेली अर्धी आटलेली बाटली आणि औषधांची एक जुनी वही सापडली, तर तो कापराचा अर्क लेकराच्या छातीला चोळावा का, असे आपण विचारले आहे. चोळू नये, आणि बूचही काढू नये. ते पॅरेगोरिक आहे, म्हणजे कापूर, बडीशेपेसारख्या वासाचे तेल आणि बेन्झोइक आम्ल घातलेला, मद्यार्कात काढलेला अफूचा अर्क. नावात कापूर आला, अफू मात्र आली नाही. जुन्या वह्यांत ‘इपेकॅक कंपाउंड’ नावाची जी पूड दिसते, ती थॉमस डोव्हर या इंग्रज वैद्याने १७३२ साली छापलेल्या कृतीवरून आलेली असून तिच्यातही दहा टक्के अफू असते.

माझे आजोबा यवतमाळ जिल्ह्यातील एका दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि त्यांच्या वहीतले हेच नाव मीही कित्येक महिने कापूर म्हणूनच वाचत होतो. हगवण, कोरडा खोकला, दात येणाऱ्या लेकराची किरकिर, या सगळ्यांवर तेच औषध लिहिलेले होते. अफूने आतड्यांची हालचाल मंदावते आणि खोकल्याची उबळ दबते, म्हणून गुण लगेच दिसे. परंतु पटकीच्या रोग्याच्या अंगातून गेलेले पाणी त्याने भरून येत नसे. निंदणाला जाताना लेकराला बाळगोळी, म्हणजे अफूची गोळी, चाटवून बांधावर निजवीत, हे आजी सहज सांगत असे. त्या बायांना दोष देणे मला पटत नाही. मजुरी बुडवणे त्यांना परवडणारे नव्हते.

माझी खरी चूक मात्र पुढची. एका कार्यालयात वही जतन करून घेतात असे कळल्यावर मी मूळ वही एकाही पानाचे छायाचित्र न काढता आणि लेखी पोच न घेता टेबलावर ठेवून आलो. पुढे पाच खेपा घातल्या. साहेब दौऱ्यावर, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे, आणि शेवटी ‘अशी वही इथे आलेलीच नाही’ हे उत्तर. एस.टी.चे भाडे गेले त्याचे काही नाही, पण आजोबांचे अक्षर गेले. तेव्हा आपण आधी प्रत्येक पान टिपावे, मग कोणाशीही बोलावे.

बाटलीबाबत मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. तरी बुचातून मद्यार्क उडाला की उरलेला द्रव अधिक तीव्र होतो, त्यामुळे लेबलावरची मात्रा निरर्थक ठरते. शिवाय साधे टिंक्चर ओपियम, म्हणजे अफूचा नुसता अर्क, पॅरेगोरिकच्या २० ते २५ पट तीव्र असते, आणि कोणत्या बाटलीत काय भरले गेले हे आज कोण सांगणार? १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे ती घरात ठेवणेही अडचणीचे ठरू शकते. मोरीत किंवा विहिरीत ओतू नये. बाटली कुलपात ठेवून ओळखीच्या वकिलाच्या सल्ल्याने लेखी अर्ज करावा, आणि या खेपेस पोच अवश्य घ्यावी.

वही वाचताना आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. इंग्रजी तीनच्या अंकासारखी खूण ड्राम या जुन्या मापाची असते, म्हणजे पातळ औषधात साठ मिनिमची (मिनिम म्हणजे साधारण एक थेंब). तिच्या डोक्यावर आणखी एक वळण असेल तर तो औंस. मी ती खूण सगळीकडे ‘तीन’ अशीच वाचली होती, आणि आता पडताळून पाहायला पाने उरलेली नाहीत.