बूट घाल, पण मॅच एवढ्यात नको

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या नोकरीत वजन वाढलं, जिना चढताना धाप लागते, म्हणून येत्या रविवारी थेट पेठेतल्या जुन्या खेळाडूंच्या फुटबॉल मॅचला उतरतो, असं तू कळवलंस. पुन्हा खेळायचं ठरवलंस याचा फार आनंद झाला. ती मॅच मात्र सोड.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळायचास तेव्हा तुझा रोजचा सराव होता. त्यानंतर बारा वर्षं खुर्चीत गेली. डोक्याला जुना वेग आठवतो, पोटरीला नाही. आमच्या टीममधला, मैदानाच्या मध्यात खेळणारा एक हाफ एक्केचाळिसाव्या वर्षी असाच उतरला. दहाव्या मिनिटाला, कुणाचा धक्काही न लागता, खाली बसला. टाचेमागची जाड शीर तुटली होती. अजून त्याचा तो चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

तिकडे चार पोरं जमव आणि छोट्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, खेळ. चार-चार, पाच-पाच जण, आठवड्यातून दोनदा, तासभर. ही दुय्यम गोष्ट समजू नकोस, तब्येतीला हाच खेळ जास्त मानवतो. मोठ्या मैदानात थकलेला माणूस बॅकला उभा राहून वेळ काढू शकतो. इथे बॉल सारखा पायाशी येतो. पळ, थांब, वळ, पुन्हा पळ, असं चालल्यामुळे नाडी सतत चढते-उतरते आणि हृदयाला चांगलं काम मिळतं. कोपनहेगनला संशोधक पीटर क्रुस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यायामाची सवय नसलेल्या पुरुषांना बारा आठवडे असंच खेळवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढली, तेवढाच काळ नुसतं धावणाऱ्यांची ८ टक्क्यांनी. रक्तदाबही उतरला. शिवाय उडी आणि अचानक वळण यांचा भार हाडांवर पडतो आणि त्या भारानं हाड घट्ट होतं. पोहण्यात किंवा सायकलवर हे मिळत नाही. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की बॉल समोर असला की किती पळालो हे कुणी मोजत बसत नाही. ट्रेडमिल तू दोनदा सोडलीस, पास मागायला हात वर करणं तू कधीच सोडणार नाहीस.

आधी वीस मिनिटं अंग गरम करायचंच. फिफानं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेनं, '११+' नावाचा व्यायामांचा क्रम यासाठीच बसवलाय. त्यातला एक प्रकार मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी आहे: गुडघ्यांवर बसायचं, मित्रानं मागून घोटे धरायचे आणि धड सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. पहिल्या दिवशी तीन-चार वेळा पुरे, दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील. टर्फवर तळाला लांब खुंट्या (स्टड) असलेले बूट घालू नकोस, पाय अडकून गुडघा पिरगळतो.

आता जे लिहायचं होतं ते. तुझ्या वडिलांना पंचेचाळिशीत हृदयविकाराचा झटका आला होता, तेव्हा मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी होतो. त्यामुळे बूट विकत घ्यायच्या आधी डॉक्टरांकडे जा. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघ आणि घरातला हा इतिहास स्वतःहून सांग. खेळताना छातीत दडपण आलं, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर गोल समोर असला तरी थांबायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. सोबतच्या पोरांनाही हे सांगून ठेव.

बीपीचा आकडा आला की त्याच दिवशी कळव.

तुझा,
काका