घराचा दुसरा हप्ता

प्रश्न: काकू, दोन वर्षांपूर्वी आम्ही घर घेतलं. हप्ता आधीच्या भाड्याहून थोडासाच जास्त, म्हणून निर्धास्त होतो. पण दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी निघतं आणि शिल्लक साफ होते. आता नवऱ्याला बोनस मिळणार आहे. तो म्हणतो, सगळा कर्जात भरून टाकू. मला धीर होत नाही. आणि खर्चाची वही कोणी लिहायची, यावरूनही आमचं वाजतं.

उत्तर: धीर होत नाही तेच बरं! मी 31 वर्षं बँकेत कर्ज विभागात काढली, तरी स्वतःच्या घराच्या वेळी नेमकं हेच केलं. हाती आलेली सगळी रक्कम मुद्दलात भरली आणि पावती कौतुकाने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. पुढच्याच पावसाळ्यात गच्ची झिरपायला लागली, छताचे पोपडे अंथरुणात पडू लागले. साध्या गृहकर्जात भरलेला पैसा मागून परत मिळत नाही. वॉटरप्रूफिंगसाठी वैयक्तिक कर्ज काढलं, तेही चढ्या व्याजाने. रोज साडी काढताना ती पावती दिसायची.

भाड्याच्या घरात नळ गळला की मालकाला फोन करायचा. आता मालक तुम्हीच. म्हणून बँकेच्या हप्त्यासोबत घराचाही एक हप्ता धरा. घराच्या किमतीच्या 1 टक्का दरवर्षी दुरुस्तीला ठेवावा, असा एक ठोकताळा आहे. पण जागेलाच सोन्याचा भाव असेल तिथे तो उगाच फुगतो. त्यापेक्षा वही घेऊन घरभर फिरा. पंप, गिझर, नळजोडणी, वायरिंग, खिडक्यांच्या चौकटी. काय किती वर्षं टिकेल आणि बदलायला आज किती लागतील, ते लिहा. बाहेरचा रंग 6 वर्षांनी काढायचा असेल तर त्या खर्चाला 72 ने भागा. तेवढे दरमहा बाजूला. घराचा कर आणि विमा वर्षातून एकदाच येतात, त्यांना 12 ने. ही बेरीज वेगळ्या खात्यात जाऊ दे. भाव वाढतात, म्हणून आकडे दरवर्षी पुन्हा काढायचे.

नवऱ्याचं म्हणणं मात्र अगदीच चुकीचं नाही. 9 टक्के व्याजाचं 20 वर्षांचं कर्ज असेल तर पहिल्या हप्त्यातला सुमारे 83 टक्के भाग नुसतं व्याज असतो, आणि निम्मं मुद्दल फिटायला जवळजवळ 14 वर्षं जातात. सुरुवातीपासून वर्षाला एक जादा हप्ता मुद्दलात भरला, तर हेच कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं. तेव्हा बोनसमधून आधी निदान चार महिन्यांचा घरखर्च, हप्त्यासकट, बाजूला काढा. मग घराच्या खात्यात थोडे टाका. उरेल ते खुशाल कर्जात. भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्या. व्याज त्यातच जास्त वाचतं.

राहिली वही. आमच्याकडे मी लिहायचे आणि हे महिनाअखेरीला बेरीज तपासायचे. एखादी चूक सापडली की पुढचे आठ दिवस चहा स्वतः करून मला आणून द्यायचे. मी अधूनमधून मुद्दाम चुकायचे.