अळीला कोण सांगतं की आता कोष कर?

तुमच्या मुलीने कढीपत्त्यावरची अळी बरणीत ठेवलीय आणि ती विचारतेय की अळीला कळतं कसं आता कोष करायचाय म्हणून. आमच्या भांडुपच्या घरात ग्रिलवरच्या कुंडीत दर पावसाळ्यात हाच उद्योग चालतो, त्यामुळे उत्तर देतो.

अळीच्या अंगात दोन हार्मोन्स आहेत असं धरा. एकडायसोन म्हणतं, कात टाक. ज्युवेनाइल हार्मोन, मेंदूच्या मागच्या बारीक ग्रंथींतून येणारं, म्हणतं टाक पण अळीच राहा. म्हणून सुरुवातीची पक्ष्याची शी पडल्यासारखी दिसणारी अळी कात टाकते नि पुन्हा अळीच होते, फक्त मोठी, शेवटी हिरवीगार. (बोट लावलं की डोक्यामागून केशरी शिंगं काढते, वास भयंकर!) मग शेवटच्या टप्प्यात ते दुसरं हार्मोन बनायचं थांबतं. ब्रेक सुटला, एकडायसोन आलं की पुढची कात टाकताना कोष. त्याआधी अळी पातळ शी करून पोट रिकामं करते, खाणं सोडते आणि बरणीभर वेड्यासारखी फिरते. मुलीला सांगा, ती आजारी नाहीये.

ब्रेक सोडलाच नाही तर? १९६० च्या दशकात प्रागचा कीटकशास्त्रज्ञ कारेल स्लामा त्याचे लाल किडे घेऊन हार्वर्ड विद्यापीठातल्या कॅरोल विल्यम्स या संशोधकाकडे गेला, आणि तिथे किडे मोठे व्हायलाच तयार नाहीत, पिल्लंच राहून कात टाकत मरायला लागले. खूप शोधल्यावर दोषी निघाला बरणीतला टिश्यू पेपर! अमेरिकन कागद ज्या बाल्सम फर झाडापासून बनायचा त्यात ज्युवेनाइल हार्मोनसारखंच काम करणारं द्रव्य होतं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पुढे हीच आयडिया डासांवर वापरली गेली. मेथोप्रीन, म्हणजे ज्युवेनाइल हार्मोनची नक्कल करणारं रसायन, साचलेल्या पाण्यात टाकलं की डासाची अळी आरामात खातपीत राहते पण त्यातून डास काही बाहेर पडत नाही, कोषातच मरते.

तुमच्या बरणीत टिश्यू खुशाल टाका, तो कागद त्या लाल किड्यांच्या कुळालाच बाधतो. फक्त एक काडी तिरकी लावून ठेवा, गुळगुळीत काचेवर आमची एक अळी कोषाच्या आधाराचा धागा बांधता बांधता दोनदा पडली होती.