'वन ऑफ माय फ्रेंड्स'पुढे 'लिव्ह' की 'लिव्ह्ज'?

प्रश्न असा आहे: 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन नाशिक' म्हणायचं की 'लिव्ह इन नाशिक'? 'फ्रेंड्स' अनेकवचनी असताना क्रियापद एकवचनी कसं?

'लिव्ह्ज'च बरोबर. नाशिकला राहणारी मैत्रीण एकच आहे, म्हणून कर्ता 'वन'. हा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो, तरी चूक होतेच. ती का होते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मराठीत आपण सहज म्हणतो, 'आंब्यांची पेटी आली.' 'आले' कुणाच्या तोंडी येत नाही, कारण पेटी क्रियापदाला खेटून बसली आहे, आणि 'आंब्यांची' या रूपावरूनच कळतं की आंबे इथे कर्ता नाहीत. इंग्रजीत क्रम उलटा: 'द बॉक्स ऑफ मँगोज हॅज अराइव्ह्ड'. पेटी मागे राहिली, क्रियापदाच्या शेजारी आले आंबे, आणि तेही प्रत्यय न लागलेले, थेट कर्त्यासारखे दिसणारे. कान फसतो तो इथे. इंग्रजी मातृभाषा असलेलेही घाईत असंच चुकतात.

म्हणून शंका आली की वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावं: 'माझ्या मैत्रिणींपैकी एक नाशिकला राहते.' वचन लगेच कळतं. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या; ती एकच, ती वाढते, म्हणून 'इज'. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे बरेच विद्यार्थी; ते गैरहजर असतात, म्हणून 'आर'.

मात्र ही कसोटी वर्तमानकाळातच लावावी. 'मैत्रिणींपैकी एकीने पोळ्या केल्या' यात आपलं क्रियापद कर्त्याला सोडून पोळ्यांच्या मागे जातं. इंग्रजी क्रियापद कर्माकडे असं कधीच वळत नाही.

आणखी एक जागा जपण्यासारखी: 'शी इज वन ऑफ दोज टीचर्स हू नेव्हर शाउट'. इथे 'वन' असूनही 'शाउट', कारण 'हू' जोडलं आहे 'टीचर्स'ला. ती, कधीच न ओरडणाऱ्या शिक्षिकांपैकी एक. न ओरडणाऱ्या अनेक आहेत. काही चांगले लेखक इथेही एकवचन वापरतात, पण अर्थाला धरून अनेकवचनच चोख, असं माझं ठाम मत आहे.