लक्झरी क्रूझवर वडिलांसाठी टक्सिडो भाड्याने घ्यावा का? तिथला ड्रेसकोड किती कडक असतो?

तुम्ही लिहिलंय की आईवडिलांना इंग्लंडहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर नेताय, बुकिंगवाल्याने सांगितलं दोन रात्री ब्लॅक टाय, म्हणजे काळा कोट आणि बो टायचा फॉर्मल पोशाख आहे, टक्सिडो लागणार, आणि वडील म्हणतात मी बँडवाल्यासारखा दिसणार नाही, मी येतच नाही. वडिलांचं ऐका. भाड्याचा टक्सिडो अजिबात घेऊ नका, बंदगळा, म्हणजे बंद कॉलरचा जोधपुरी कोट, शिवून घ्या.

आता हे मी एवढं ठासून का सांगतोय ते सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही.

मी साताऱ्यात टेलर आहे. मोती चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान, वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, १९६४ ला टाकलं. त्याच्या तीन वर्षं आधी इथं सैनिक स्कूल निघालं होतं, देशातलं पहिलं, त्यामुळे गावात ब्लेझर, युनिफॉर्म या कामाला मान आला होता. पुढं मिलिटरी अपशिंगे गावाकडची, कोरेगावकडची फौजी माणसं सुट्टीवर आली की आण्णांकडं कापड टाकून जायची. आण्णांचा हात बंदगळ्यावर. कॉलर अशी बसायची की मान वळवली तरी कोट हलायचा नाही. ते म्हणायचे, हा कोट ऑफिसरांच्या मेसमध्ये चालतो म्हणजे तो कुठंही चालतो.

२००९ ला धाकट्या भावाने दुकानाचा अर्धा गाळा मागून घेतला आणि तिथं रेडिमेड आणि भाड्याचे कपडे लावले. शेरवान्या, टक्सिडो, कासला प्री-वेडिंगचे फोटो काढायला जाणारी पोरं नेतात ते सगळं. धंदा त्याचा चांगला चालतो, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून एकच वाद, तो म्हणतो दादा आता मापाला कोण थांबतंय, मी म्हणतो थांबणारा माणूस असतो, तू त्याला थांबू देत नाहीस. मधे एक भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूला आम्ही दोघं, सोळा वर्षं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पोरीने, ती इंग्लंडला नर्स आहे, मला आणि आमच्या मंडळींना जूनमध्ये बोलावलं आणि साउथहॅम्प्टनहून नॉर्वेला जाणाऱ्या, क्युनार्ड नावाच्या क्रूझ कंपनीच्या जहाजाचं बुकिंग केलं. धाकट्याला कळलं, त्याने मोबाईलवर बघितलं, गाला नाइट, ब्लॅक टाय, आणि संध्याकाळी कव्हरमध्ये घातलेला काळा टक्सिडो घेऊन माझ्या काउंटरवर ठेवला. म्हणाला दादा, तिथं तुमचं जोधपुरी नाही चालायचं, दारातनं परत पाठवतील, पोरीची मान खाली जाईल. बाकी काही बोलला असता तर मी ऐकलं नसतं, पण पोरीचं नाव घेतलं म्हणून गप्प घेतला.

पहिली गाला रात्र आली. तो कोट अंगात घातला आणि आरशासमोर उभा राहिलो, आणि मला काय काय दिसलं ते एखाद्या टेलरलाच कळेल. खांदा पाऊण इंच बाहेर. मुंढा एवढा खोल की हात वर केला की अख्खा कोट वर येतोय. लॅपलला, म्हणजे कोटाच्या पुढच्या दुमडीला, आतनं शिवलेलं कॅनव्हासचं अस्तर नाही, गोंदाने चिकटवायचं फ्युजिंग लावलेलं, आणि भाड्याचा कोट म्हणजे पंधरा-वीस वेळा ड्रायक्लीन झालेला, त्यामुळे गोंद सुटून छातीवर बारीक बारीक फुगे आलेले. कुणाला दुरून दिसले नसते म्हणा, पण मला दिसत होते ना. बो टाय पण हुकाचा, आयता. चाळीस वर्षं लोकांना नीट कपडा घालून पाठवलाय मी, आणि आयुष्यातल्या सगळ्यात भारी जेवणाला मी दुसऱ्याच कुणाच्या तरी मापात बसलो होतो. कोपर अंगाला चिकटवून जेवलो. पोरगी विचारत होती बाबा जेवण आवडलं नाही का.

आणि शेजारी आमच्या मंडळी जांभळी पैठणी नेसून बसलेल्या, एकदम निवांत. दोन टेबलांवरच्या बायका उठून पदर बघून गेल्या. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हिला कुणीच सांगितलं नाही गाऊन घाल म्हणून. तुमच्या आईलाही कुणी सांगितलं नसणार. बाईमाणसाची साडी चालते आणि त्याच घरातल्या पुरुषाला मात्र परका कोट पाहिजे, हा नियम कुणी काढला? जहाजवाल्यांनी तर काढलेला नाही, हे मला पुढच्या अर्ध्या तासात कळलं.

आमच्या टेबलावर एक स्कॉटलंडचे गृहस्थ होते, सत्तरीचे, ते किल्ट, म्हणजे त्यांच्याकडचा पुरुषांचा निऱ्यांचा घागरा, घालून आले होते. मी एवढा वेळ त्या किल्टकडंच बघत होतो. शेवटी पोरीला म्हटलं, विचार त्यांना मागच्या निऱ्या बघू का. पोरगी लाजली पण विचारलं तिने, आणि ते लगेच उठून पाठमोरे उभे राहिले. काय काम होतं! पूर्ण किल्टला आठ यार्ड लोकरी कापड लागतं, पुढचा भाग सपाट, सगळं कापड मागं निऱ्यांत, आणि चौकडा असा जुळवलेला की निरी घालूनसुद्धा रेघ कुठं तुटत नाही. कमरेपासून कुल्ल्यापर्यंत निऱ्या शिवून घेतलेल्या, खाली मोकळ्या. मंडळी म्हणाल्या त्यांचं आठ वार, आमचं नऊ वार, एका वाराने आम्ही पुढं. पोरीने ते इंग्रजीत सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले मग तुम्ही तुमचं का नाही घातलं? मला विचारत होते.

पोरीने मोबाईलवर जहाजाचा ड्रेसकोड काढून वाचला. गाला रात्रीला टक्सिडो किंवा डिनर जॅकेट चालतं, टाय लावून गडद सूट चालतो, किल्ट चालतो, फौजी गणवेश चालतो, आणि फॉर्मल नॅशनल ड्रेस, म्हणजे आपला देशी पोशाख, तोही चालतो. सरळ लिहिलेलं होतं. धाकट्याने पहिली ओळ वाचली आणि सोडून दिलं. तुमच्या बुकिंगवाल्यानेही तेच केलेलं दिसतंय.

केबिनमध्ये आलो तर मंडळींनी बॅगेच्या तळातनं माझा बंदगळा काढला. मला न सांगता घातला होता तिने. तो आण्णांच्या पीसचा आहे. आण्णांनी स्वतःसाठी काळ्यावर झुकणारा निळा वूलनचा पीस घेऊन ठेवला होता, गिऱ्हाईकांच्या कामातनं शेवटपर्यंत शिवून झाला नाही, ते गेल्यावर कपाटात सापडला. पोरीच्या लग्नात मी तो शिवला, कॅनव्हास घालून, कॉलर अख्खी हातशिलाईची. दुसऱ्या गाला रात्री तो घातला. दारात उभा असलेला माणूस हसून गुड इव्हिनिंग सर म्हणाला आणि आत गेलो. जूनमध्ये तिकडं रात्री दहालाही चांगला उजेड असतो, जेवण झाल्यावर आम्ही चौघं डेकवर गेलो आणि तिथं जावयाने फोटो काढला, मंडळी नऊवारीत. तो फोटो आता दुकानात आण्णांच्या फोटोखाली लावलाय. भिंतीच्या माझ्या बाजूला.

आणखी एक, टक्सिडो म्हणजे काहीतरी अस्सल आणि आपलं म्हणजे कामचलाऊ असं ज्यांना वाटतं त्यांनी थोडं वाचावं. टक्सिडो हे नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क नावाच्या ठिकाणावरनं आलं, तिथला क्लब १८८६ चा. इंग्लंडात त्याला टक्सिडो म्हणतच नाहीत, डिनर जॅकेट म्हणतात. आणि आपल्या जोधपूरचे सर प्रताप सिंग १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या साठ वर्षांच्या सोहळ्याला लंडनला गेले ते आपल्या ब्रीचेस घालून, त्या बघून गोऱ्यांनी उचलल्या आणि आजही घोड्यावर बसायच्या पँटला ते जोधपूर्सच म्हणतात. त्यांनी आपल्याकडनं घेतलेलं आहे, आपल्याला लाजायचं कारण काय?

बरं, आता कामाचं. भाड्याचा हिशोब दिवसावर असतो. प्रवास धरून पंधरा-वीस दिवस कोट तुमच्याकडं राहणार, तेवढ्या पैशात चांगल्या कारागिराकडं बंदगळा शिवून होतो आणि पुढं नातवाच्या लग्नालाही तोच येतो. रंग काळा किंवा एकदम गडद निळा, चमकणारं ब्रोकेड नको, एम्ब्रॉयडरी नको, सोनेरी बटणं नकोत. कापड वूल किंवा वूल मिक्स, टेरिकॉट घेऊ नका, डायनिंगमध्ये एसी जोरात असतो आणि टेरिकॉट ना गरम ठेवत ना नीट पडत. टेलरला विचारा कॅनव्हास घालणार का फ्युजिंग, फ्युजिंग म्हणाला तर दुसरीकडं जा. पँट त्याच कापडाची. पायात काळे लेसचे बूट, कोल्हापुरी नको, मला कोल्हापुरी प्रिय आहे पण ओल्या डेकवर ती सटकते आणि फॉर्मल रात्री सँडल-चपलेला अडवू शकतात.

बाकीच्या पाच रात्री संध्याकाळी सहानंतर नीटनेटकं लागतं, कॉलरचा शर्ट आणि पँट, वर ब्लेझर असेल तर उत्तम. हाफ पँट आणि फाटकी जीन्स नको. दिवसा काहीही घाला. आणि वडिलांना एखाद्या रात्री अजिबात नटायचं नसेल तर बुफे आणि पब उघडे असतात, तिथं साध्या कपड्यात जेवता येतं, कुणी केबिनमध्ये कोंडून घालत नाही.

इस्त्री घरनं नेऊ नका, आगीच्या भीतीने केबिनमध्ये चालत नाही, काढून घेतात. आमच्या जहाजावर लाँड्रीची खोली होती आणि तिथं इस्त्री होती, पण गाला रात्रीच्या दुपारी तिथं एसटी स्टँडसारखी गर्दी. वूलन कोटाला इस्त्री लागतच नाही, बाथरूममध्ये हँगरला लावा, गरम पाणी दहा मिनिटं सोडा, दार बंद, सुरकुती जाते. बंदरावर मोठ्या बॅगा तेच घेतात आणि केबिनच्या दारात कधी कधी संध्याकाळी येतात, तर औषधं आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. नॉर्वेकडं जाणार असाल तर जूनमध्येही डेकवर वारा बोचतो आणि बर्गनला पाऊस ठरलेलाच, आईला साडीखाली थर्मल आणि वरनं पाऊस अडवणारं जॅकेट घ्या, शाल वाऱ्यावर उडते. नऊवारी नेसता येत असेल तर जिन्यांवर सहावारीपेक्षा ती सोपी, जहाज हललं तरी निऱ्या पायात येत नाहीत.

एक राहिलंच, तुम्ही कंपनीचं नाव लिहिलेलं नाही. मी सांगतोय ते क्युनार्डचं, तिथं हे सगळं अजून पाळतात. वायकिंगच्या जहाजांवर फॉर्मल रात्रच नसते, नॉर्वेजियन क्रूझ लाइनवर नटायचं का नाही ते तुमच्यावर सोडलेलं असतं. मुंबईहून कॉर्डेलियाने जाणार असाल तर यातलं फार मनावर घेऊ नका. म्हणून आधी तुमच्या कंपनीचा ड्रेसकोड उघडा आणि शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचा, बुकिंगवाल्याला विचारू नका. आणि एखाद्याचा टक्सिडो त्याच्या मापाने शिवलेला असेल तर तोही सुंदरच दिसतो, त्यात वाद नाही, मी स्वतः दोन शिवून दिलेत. माझं भांडण मापाशी आहे.

धाकट्याला मी आल्यावर कोट परत दिला. ते फुगे दाखवले, बोट फिरवून. तो म्हणाला दादा, फोटोत दिसत नाहीत. मी म्हटलं, आपण फोटोसाठी कपडे देतो का माणसासाठी? अजून उत्तर दिलेलं नाही त्याने. पण तो कोट त्याने भाड्याच्या रांगेतनं काढलाय, मी बघतोय रोज, लावलेला नाही.

तुम्ही वडिलांना मापाला स्वतः घेऊन जा, जुना कोट पाठवून त्यावरनं माप देऊ नका, सत्तरीत खांदा उतरतो. दोन ट्रायल घ्या, पहिली कच्च्या टाक्यावर. कॉलर आणि गळा यात दोन बोटं गेली पाहिजेत. आणि टेलरला सांगा बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, ठेव, सात दिवस तिथं जेवण थांबत नाही.