अंगणात बसून बांबूकाम करायला फोमची बैठक घरी कशी शिवावी?

ताई, तुम्ही विचारलंय की बचत गटातल्या बाया दिवसभर अंगणात बसून सूप-टोपल्या विणता, खाली नुसतं पोतं असतं, सांजेपर्यंत कंबर धरते आणि घोट्यांची सालं निघतात. तर फोमची बैठक घरच्या मशीनवर शिवता येईल का आणि फोम कोणता घ्यावा. शिवता येते. माझं चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडे ट्रॅक्टर आणि मोटरसायकलच्या सीटा शिवायचं काम आहे, म्हणून फोमबद्दल जरा लांबून सांगतो. लोक फसतात ते तिथेच.

दुकानात गेलं की माणूस अंगठ्याने दाबून बघतो आणि सगळ्यात मऊ असेल तो उचलतो. तसं करू नका. तुकडा फरशीवर ठेवा आणि त्यावर एका गुडघ्याचा भार द्या. गुडघ्याला फरशी लागली की तो फोम तुमच्या कामाचा नाही, मग तो चार इंच जाड का असेना. साधा पिवळा-पांढरा स्पंज ‘डेन्सिटी’वर विकतात. 32 डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 32 किलो. सोफ्याच्या पाठीला तो चालतो, पण जमिनीवर रोज बसायला 40 च्या खाली जाऊ नका. त्याहून बरा म्हणजे रिबॉन्डेड, रंगीबेरंगी चुरा दाबून बनवलेला. दिसायला वेडाविद्रा, वजनाला जड, पण लवकर बसका होत नाही. सीटवाल्यांकडे त्याचे उरलेले तुकडे पडलेले असतात, मागून बघा.

या दोन्ही फोमची खोड म्हणजे पाणी पितात. ओल्या अंगणातली ओल खालून चढते आणि पावसाळ्यात आतून कुबट वास मारतो. म्हणून सगळ्यात खाली ईपीईची शीट घाला. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात पांढरी, हलकी शीट येते ना, तीच. तिच्यातल्या हवेच्या पुटकुळ्या बंद असतात, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. 10-12 मिलीमीटर जाडीची पुरते.

आता आकार. सपाट गादी कितीही जाड केली तरी कंबरेचं दुखणं जाणार नाही, कारण मांडी घालून पुढे वाकलं की कंबर मागे गोल होते. बूड पायांपेक्षा वर आलं पाहिजे. म्हणून तीन फूट बाय चार फुटांची ईपीई घ्या आणि तिच्या मागच्या कडेला मधोमध साधारण सोळा इंचांचा चौकोनी रिबॉन्डेड तुकडा बसवा, मागे चार इंच, पुढे उतरत दोन इंच. पुढची जागा पातळच राहू द्या. तिथे घोटे टेकतात, शिवाय कामट्या, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या, पायाखाली दाबून धरायच्या तर खाली टणक लागतं, मऊ फोमवर कामटी निसटते.

कापायला बॉलपेनने रेघ मारा आणि कटरचं पातं पूर्ण बाहेर काढून हलक्या हाताने चार-पाचदा फिरवा. एका दमात कापायला गेलं की कड तिरपी होते. रिबॉन्डेडला कटर पुरत नाही, त्याला लोखंड कापायचं करवतीचं पातं लागतं. चिकटवायला रबराचं सोल्यूशन, चांभार वापरतात ते. दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा. उघड्यावर करा, वास डोक्यात जातो.

खोळीच्या खालच्या बाजूला जुनं फ्लेक्स लावा. गावात वाढदिवसाच्या फ्लेक्सना तोटा नाही. छापील बाजू आत घ्या, नाहीतर बाया कोणाच्या तोंडावर बसल्या यावरून गावात नसती चर्चा. वरून मात्र फ्लेक्स किंवा रेक्झिन नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा रेक्झिन चटके देतं आणि घामाने मांडीला चिकटतं. वर जाड कॅनव्हास किंवा जुन्या जीन्सचं कापड, फिकट रंगाचं. बांबूची कुसळं त्यातून सहज आरपार येत नाहीत.

मशीनला 16 किंवा 18 नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा, आणि टाका मोठा ठेवा. फ्लेक्सवर बारीक टाके मारले तर भोकांची रांग पडते आणि ते तिथूनच फाटतं. टाचण्याही टोचू नका, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. खोळ फोमपेक्षा अर्धा इंच लहान बेता, म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत. मग फोम आत जाणार कसा? त्याला पातळ पन्नीत गुंडाळा, घसरत आत जाईल, नंतर पन्नी ओढून काढा. तोंड उशीच्या अभ्र्यासारखं एकावर एक येणारं ठेवा. वेल्क्रो लावू नका, त्यात बांबूची लव अडकते आणि महिनाभरात ते धरेनासं होतं. आतली हवा निघायला बाजूच्या पट्टीत तीन-चार आयलेट, म्हणजे भोकाच्या धातूच्या कड्या, ठोका. फ्लेक्समधून हवा जात नाही, त्यामुळे धपकन बसलं की शिवण उसवते.

कधी भिजलीच तर खोळ काढून फोम सावलीत उभा करून वाळवा. स्पंजला ऊन सोसत नाही, पिवळा पडून हातात भुगा येतो. काम झालं की खुंटीला टांगा. जमिनीवर राहिली की वरच्या सुती कापडाला उधळी (वाळवी) लागते आणि आत उंदीर घर करतात. आणि कामट्या शेकायला जाळ करत असाल तर बैठका तिथून लांब. स्पंज भडकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

सगळ्यांच्या बैठका एकदम कापू नका. एक बनवा, आठवडाभर वापरा, गटातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात ठेंगण्या बाईला तीवर बसवून बघा. ज्यांचे गुडघे मांडी घातल्यावर जमिनीपासून वर राहतात, त्यांना मागे इंचभर जास्त उंची लागेल.